मोजणी

राइली हाक्काराइनेननं मासे घेतले
तेव्हा ते सहा होते. पावतीवर तसं लिहिलेलं आहे.
पिशवीत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सहा नाड्या,
एकमेकींत गुंतलेल्या;
कुणाचं तोंड कुठलं, कुणाची शेपटी कुठली,
पत्ता लागत नव्हता.

कुली लोच.
नाव हमालाचं,
ओझं म्हणाल तर चार मिशांचं,
तेही पायरीपायरीला टेकवत.
पाण्यात सोडले, आणि वाळूनं त्यांना गिळलं.

त्याला झाली नऊ वर्षं.
नऊ वर्षांत एका वेळी दोनच दिसले,
तेही रात्री,
दारातून आत पडणाऱ्या फ्रिजच्या उजेडात:
शेवाळाखालून एक मिशाळ तोंड,
ओंडक्याच्या भोकातून एक शेपूट.
(किंवा दोन्ही एकाच माशाचं.)

आधी म्हणायची, बाकीचे चार असतील कुठेतरी.
मग म्हणायची, दोनच उरलेत.
मग काही म्हणेनाशी झाली.
दिवा मालवल्यावर दाणे मात्र
सहांच्याच मापानं टाकायची.
हिशेब चुकला तर आपल्या बाजूनं चुकू नये.

तुर्कूमध्ये डिसेंबरात सूर्य येतो
हजेरीपुरता,
सही करून मागच्या दारानं निघून जाणाऱ्या साहेबासारखा.
तेव्हा घरातला दिवस म्हणजे ती काच:
क्रिप्टोकोरिनची तपकिरी पानं,
व्हॅलिसनेरियाच्या वाकलेल्या पाती,
टायमरवर सकाळी नऊला उगवणारं
आणि आठला, खटकन, मावळणारं ऊन.

मग इमारतीचे पाइप बदलायचं ठरलं.
साठ वर्षांचे नळ. भिंती फोडणार.
चार महिने सगळ्यांनी बाहेर राहायचं.
पत्रात तारीख होती,
कपाटं, गालिचे, कुत्री-मांजरं यांच्याबद्दल सूचना होत्या.
वाळूखाली राहणाऱ्यांबद्दल
काही नव्हतं.

शेजारचा ओनी आला, वय अकरा, गमबूट घालून.
दोन बादल्या, रबरी नळी, चहाची गाळणी.
पाणी उतरत गेलं तशी झाडं
भिजलेल्या केसांसारखी आडवी झाली.
एक रोप उपटलं तर
मुळांना धरून अख्खी जमीनच वर आली,
पांढऱ्या मुळ्यांची विणलेली, आयताकृती,
काचेच्या मापाची.

"एक," ओनी म्हणाला. "दोन."
राइलीनं मान हलवली. बरोबर. दोन.
"तीन."
ती स्टुलावर बसली.
ओंडका उचलला तर तो गळायला लागला,
पाणी संपल्यावरही गळत राहिला,
टप, टप, जिवंत.
सात. नऊ. मुळांच्या जाळीत चौदा.
त्यातले काही काडेपेटीतल्या काडीएवढे,
म्हणजे इथलेच,
टायमरच्या उन्हाखेरीज
दुसरं ऊन न पाहिलेले.
"एकवीस. थांबा, हा मोजला होता का?"

एवढा गोतावळा,
आणि तिनं रोज सहाच पानं मांडली होती.

"तुम्हाला कळलंच नाही?" ओनीनं विचारलं.
"रात्री वाळू हलायची," ती म्हणाली.
"मला वाटायचं, चष्म्याचा नंबर वाढला."
मग बादलीत हात घातला
आणि बराच वेळ काढला नाही.
बोटांच्या बेचक्यांतून
काहीतरी गार, बुळबुळीत, ओळख न देता
ये-जा करत होतं.

तीन आठवड्यांनी, बहिणीच्या घरी,
स्पंज धुवायला तिनं फिल्टर उघडला.
तळाशी गाळ, गाळात अंधार,
अंधारात बाविसावा.
चांगला लठ्ठ.

तिनं पावती शोधून काढली.
सहाचा आकडा खोडला.
पेन्सिल ओठांवर टेकवून उभी राहिली थोडा वेळ,
मग पावती तशीच, कोऱ्या जागेसकट,
पाकिटात ठेवून दिली
आणि दाण्यांचा डबा उघडला.